तिघे बसले, तिघेही नापास

१९१३ साली लंडनमध्ये तीन जण एका परीक्षेला बसले. परीक्षा बारा तासांची, फी तीन पौंड, विषय एकच: इंग्रजी. निकाल लागला तेव्हा तिघेही नापास होते.

परीक्षेचं नाव होतं ‘सर्टिफिकेट ऑफ प्रॉफिशिअन्सी इन इंग्लिश’. केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाने ती त्या वर्षी पहिल्यांदाच घेतली. आज आयईएलटीएस, टोफेल, पीटीई, ड्युओलिंगो अशा नावांनी जगभर जी इंग्रजी मोजण्याची यंत्रं चालतात, त्यांचा माग काढत मागे गेलं की या तिघांपाशी थांबावं लागतं. एवढ्या मोठ्या धंद्याची भवानी शून्य टक्के निकालाने झाली, हे मला वाचलं तेव्हा फार आवडलं होतं.

आवडायला कारणही होतं. मी तेव्हा भाषाविज्ञानात एमए करत होते आणि बाहेरच्या विद्यापीठांत अर्ज करायचा म्हणून आयईएलटीएसची तयारी करत होते. दिवसा वर्गात घोष-अघोष व्यंजनं, प्राकृतातून मराठीत येताना शब्दांची झालेली मोडतोड, वाक्यरचनेच्या झाडांच्या फांद्या. संध्याकाळी कानाला हेडफोन लावून कुठल्यातरी काल्पनिक बाईने काल्पनिक जिममध्ये फोन करून मेंबरशिपची चौकशी केलेली ऐकायची आणि तिचा पोस्टकोड अचूक लिहायचा. वाचनाच्या भागात ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ नावाचा प्रकार असतो. उताऱ्यात एखादी गोष्ट खरी म्हटली आहे, खोटी म्हटली आहे, की तिच्याबद्दल काहीच म्हटलेलं नाही, हे सांगायचं. भाषेच्या विद्यार्थ्याचा इथे हमखास घात होतो, कारण ‘म्हटलेलं नाही पण सुचवलं आहे’ हेच शिकण्यात त्याची दोन वर्षं गेलेली असतात. क्लासमधले इंजिनिअर पटापट बरोबर उत्तरं देत होते आणि मी प्रत्येक वाक्यापाशी थांबून गृहीतकं मोजत होते.

अशाच एका रात्री, अभ्यास टाळण्यासाठी, मी १९१३ च्या पेपरचं वर्णन वाचायला घेतलं. आणि पहिल्यांदा वाटलं की ही परीक्षा माझ्यासाठी काढली असावी. म्हणजे मी त्यात नापासच झाले असते. पण नापास व्हायला मजा आली असती.

बारा तासांची वाटणी अशी होती. इंग्रजीतून फ्रेंच किंवा जर्मनमध्ये भाषांतर, दोन तास. उलट दिशेने, फ्रेंच किंवा जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर आणि त्यासोबत इंग्रजी व्याकरणाचे प्रश्न, अडीच तास. इंग्रजी निबंध, दोन तास. इंग्रजी साहित्य, तीन तास. ध्वनिशास्त्र, दीड तास. मग तोंडी परीक्षा: अर्धा तास श्रुतलेखन, अर्धा तास वाचन आणि संभाषण. बेरीज करून पाहा, बरोबर बारा भरतात. आजची आयईएलटीएस पावणेतीन तासांत आटोपते आणि त्यातला बोलण्याचा भाग अकरा ते चौदा मिनिटांचा असतो.

ही परीक्षा ज्यांच्यासाठी होती ते लोक वेगळे होते, हे आधी लक्षात घ्यायला हवं. इंग्लंडमध्ये नोकरी हवी आहे, व्हिसा हवा आहे, इंजिनिअरिंगला प्रवेश हवा आहे, असे उमेदवार तेव्हा डोळ्यांसमोर नव्हते. आपापल्या देशात परत जाऊन शाळेत इंग्रजी शिकवू पाहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना आपल्या ज्ञानाचा दाखला मिळावा, हा हेतू होता. थोडक्यात, भाषेचे विद्यार्थी आणि होऊ घातलेले भाषेचे शिक्षक. त्यामुळे नुसतं ‘तुला इंग्रजी येतं का’ एवढ्यावर भागत नव्हतं. ‘इंग्रजी म्हणजे काय हे तुला कळतं का, आणि ते दुसऱ्याला समजावून देता येईल का’ हेही बघायचं होतं.

ध्वनिशास्त्राच्या पेपरातला एक प्रश्न याचा पुरावा आहे. फेअर, फेट, फॅट, फॉल आणि फार या पाच शब्दांमधल्या स्वरांचा अचूक उच्चार तुम्ही विद्यार्थ्याला कसा शिकवाल, असं विचारलं होतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये या पाचही शब्दांत एकच ‘ए’ हे अक्षर आहे आणि पाचही ठिकाणी त्याचा आवाज वेगळा आहे, ही त्यातली मेख. मी हा प्रश्न वाचला आणि हसू आलं, कारण वरच्या ओळीत तो मराठीत लिहिताना मी तो जवळपास सोडवूनच टाकला होता. ॲ आणि ऑ या दोन चिन्हांची सोय आपण मुख्यतः इंग्रजी शब्दांसाठी करून घेतली, आणि त्यामुळे मराठी शाळेतला कुठलाही मास्तर फळ्यावर पाच वेगळे स्वर पाच वेगळ्या तऱ्हांनी लिहून दाखवू शकतो. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ते काटेकोर नाही. ‘फेट’मधला स्वर इंग्रजीत जरा घसरत जातो, आपला ‘ए’ सरळ उभा राहतो. तरीही पाचांपैकी पाच वेगळे ओळखल्याचे गुण मिळायला हरकत नव्हती.

दीड तास नुसत्या उच्चारशास्त्राला देण्यामागे काळाची हवा होती. हेन्री स्वीट या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाचं भाषा प्रत्यक्ष कशा शिकाव्यात यावरचं पुस्तक १८९९ मध्ये आलं होतं, आणि परकीय भाषेचा सगळा डोलारा ध्वनिशास्त्राच्या पायावर उभा राहायला हवा, हे त्याचं ठाम मत होतं. त्याच्या पुस्तकातली विषयांची मांडणी आणि केंब्रिजच्या पेपरांची वाटणी शेजारी ठेवली तर साम्य लपत नाही. स्वीट विद्वान होता तितकाच तिरसट. तो १९१२ मध्ये वारला, परीक्षेच्या एक वर्ष आधी. पण तुम्ही त्याला ओळखता. बर्नार्ड शॉने ‘पिग्मॅलियन’मधला प्रोफेसर हिगिन्स रंगवताना स्वीटच्या स्वभावाच्या छटा घेतल्या, हे त्याने स्वतःच प्रस्तावनेत सांगितलं आहे. आणि हिगिन्स मराठीत आला तो पु. ल. देशपांड्यांच्या ‘ती फुलराणी’मधून. त्या नाटकाकडे मी पुन्हा येणार आहे.

व्याकरणाच्या पेपरातली एक सूचना मला अजून आठवते. काही वाक्यं दिली होती आणि त्यातली चार निवडून ‘दुरुस्त करा किंवा समर्थन करा’ असं म्हटलं होतं. त्यातल्या एका वाक्यात ‘टू सीरियसली इम्प्रूव्ह’ अशी रचना होती. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसवणं हे त्या काळच्या शुद्धिवाद्यांच्या मते पाप होतं. उमेदवार ते वाक्य दुरुस्त करू शकत होता. किंवा, ‘नाही, हे असंच बरोबर आहे, आणि का ते सांगतो’ असंही लिहू शकत होता. परदेशी माणसाला इंग्रजी वाक्याची बाजू इंग्रजांसमोर मांडायची मुभा होती! चार पर्यायांतून एक गोल काळा करणाऱ्या परीक्षेत ‘किंवा समर्थन करा’ला जागा कुठे असणार? मी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

साहित्याचा तीन तासांचा पेपर तर परदेशी लोकांसाठी वेगळा काढलेलाच नव्हता. केंब्रिजची ‘हायर लोकल’ नावाची एक परीक्षा होती. ती १८६९ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून सुरू झाली होती, विद्यापीठाची दारं त्यांना बंद होती त्या काळात. तिच्यातला इंग्रजी भाषा-साहित्याचा पेपर जसाच्या तसा या तिघांसमोर ठेवला गेला. म्हणजे इंग्लंडमध्ये जन्मलेली, शेक्सपिअर ऐकत वाढलेली मुलगी आणि परदेशातून आलेला शिक्षक, दोघांना एकच माप. आजच्या नजरेने हा अन्याय वाटतो आणि आहेही. पण त्यात एक विचित्र आदरही होता: परकीय म्हणून तुम्हाला सोपं करून देणार नाही.

आता निबंध. विषय सहा, त्यातला एक निवडायचा. मॅथ्यू अर्नल्ड. एलिझाबेथच्या काळातले प्रवास आणि शोध. इंग्लंडमधली प्री-रॅफेलाइट कला. एकोणिसाव्या शतकातल्या राजकीय चळवळींचा साहित्यावर झालेला परिणाम. स्थानिक स्वराज्याची वाढ. आणि सहावा विषय: ‘द इंडियन म्युटिनी’.

इथे मी फोन खाली ठेवला होता.

१९१३. याच्या फक्त चार वर्षं आधी, १९०९ मध्ये, विनायक दामोदर सावरकरांचं १८५७ वरचं पुस्तक इंग्रजीत छापून निघालं होतं. मूळ लेखन मराठीत, लंडनमध्ये बसून केलेलं. मराठीत ते छापणं जमलं नाही म्हणून लंडनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि ते हॉलंडमध्ये छापलं गेलं. सरकारने प्रकाशनाच्या आधीच त्यावर बंदी घातली. बंदी ज्या गोष्टींमुळे आली त्यातली एक शीर्षकातच होती. इंग्रज ज्याला ‘म्युटिनी’, म्हणजे शिपायांचं बंड, म्हणत होते, त्याला या पुस्तकाने स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं होतं. केंब्रिजचा पेपर लिहिला जात होता तेव्हा लेखक अंदमानात काळ्या पाण्याच्या शिक्षेवर होता.

सावरकरांबद्दल तुमचं मत काहीही असो. माझीही त्यांच्याशी पुष्कळ भांडणं आहेत. इथे मुद्दा एका शब्दाचा आहे. परीक्षेच्या कागदावर ‘म्युटिनी’ हा शब्द तटस्थ असल्यासारखा, मॅथ्यू अर्नल्डच्या शेजारी, शांतपणे बसला आहे. भाषेची परीक्षा म्हणजे निव्वळ भाषेची परीक्षा असं कधी नसतं. प्रश्न विचारणाऱ्याचं जग त्यात आधीच भरलेलं असतं. लंडनमधल्या ज्या विद्यार्थ्यांनी ते मराठी हस्तलिखित इंग्रजीत नेलं, त्यांनी दोन तासांच्या भाषांतराच्या पेपरापेक्षा कितीतरी अवघड पेपर दिला होता. त्यांना प्रमाणपत्र मिळालं नाही. पुस्तक जप्त झालं.

बरं, पण त्यांच्यापैकी कोणी खरोखर ही परीक्षा द्यायची म्हटली असती तर? आधी भाषांतराच्या पेपरांनीच अडवलं असतं. तिथे भाषा दोनच: फ्रेंच किंवा जर्मन. मराठी, बंगाली, तमिळ यांचा प्रश्नच नव्हता. मुंबई विद्यापीठात तेव्हा दुसरी भाषा म्हणून बहुतेक जण संस्कृत घेत, काही फारसी, काही फ्रेंच. फ्रेंचवाल्यांना संधी होती. संस्कृतवाल्याने मिल्टन पाठ म्हणून दाखवला असता तरी उपयोग नव्हता, कारण त्याला इंग्रजी येतं हे सिद्ध करायला आधी फ्रेंच यावी लागली असती.

अर्थात, परीक्षा काढणाऱ्यांच्या हिशेबात आपण ‘परदेशी’ नव्हतोच. आपण साम्राज्याचे प्रजाजन. आपल्यासाठी वेगळं फाटक आधीच बांधून झालं होतं. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची, आणि केंब्रिजचं ते परीक्षा मंडळ १८५८ चं. दोघं जवळजवळ जुळी भावंडं. मुंबई विद्यापीठ सुरुवातीला शिकवत नव्हतं, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर फक्त परीक्षा घेत होतं. पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. १८६२ मध्ये पहिले बीए बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आणि त्याच दशकात देशी भाषांना पदवीच्या अभ्यासक्रमातून बाजूला सारून संस्कृत, लॅटिनसारख्या अभिजात भाषांना मान दिला गेला. मराठी पुन्हा विद्यापीठात यावी म्हणून रानडे पुढे कित्येक वर्षं झगडत राहिले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ती एमएच्या पातळीवर परत आली. म्हणजे मधल्या काळात मुंबई विद्यापीठाचा भाषेचा पदवीधर मराठीचा एकही पेपर न लिहिता पदवीधर होऊ शकत होता.

आणि तरी मॅट्रिकच्या तयारीत मराठी पूर्णपणे सुटली नव्हती, ती भाषांतराच्या रूपाने टिकून होती. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हे नाव आजी-आजोबांसमोर घेऊन बघा. वाक्य मराठीत, त्याचं इंग्रजी करा. वाक्य इंग्रजीत, त्याचं मराठी करा. पिढ्यान् पिढ्या लोक असंच इंग्रजी शिकले. ती पद्धत रुक्ष होती, तिने बोलायला शिकवलं नाही, हे सगळं खरं. पण प्रत्येक ओळीत दोन भाषा समोरासमोर उभ्या राहत, आणि ‘मला भूक लागली’ हे इंग्रजीत नेताना ‘मला’चा ‘मी’ का होतो, भूक ‘लागते’ कशी, याचा विचार विद्यार्थ्याच्या डोक्यात नकळत सुरू होई.

लंडनमधल्या त्या परीक्षेचं पुढे काय झालं? बराच काळ काहीच नाही. मध्ये महायुद्ध होऊन गेलं. विशीच्या दशकाच्या शेवटापर्यंत वर्षाकाठी जेमतेम डझन-पंधरा उमेदवार येत. परीक्षा बंद करण्याचा विचार सुरू होता. ती वाचवली जॅक रोच नावाच्या माणसाने, जो १९२५ मध्ये मंडळात दाखल झाला होता. त्याने तिला इंग्लंडबाहेर काढलं. १९३२ मध्ये पॅरिस, हॅम्बुर्ग, रोम, नेपल्स, स्टॉकहोम, हेग अशी परदेशी केंद्रं उघडली गेली. त्याच वर्षी ध्वनिशास्त्राचा पेपर काढून टाकला. १९३८ च्या सुमारास ऑक्सफर्ड आणि केंब्रिजने हे प्रमाणपत्र प्रवेशासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या बरोबरीचं मानलं, आणि तिथून परीक्षेचा स्वभाव बदलला. आता ती शिक्षक होणाऱ्यांची राहिली नाही. कुठेतरी आत शिरू पाहणाऱ्या प्रत्येकाची झाली.

फाटक म्हटलं की रांग आली, आणि रांग वाढली की भाषांतर परवडत नाही. याचा व्यवहार अगदी साधा आहे. उमेदवार इटालियन असेल तर इटालियन जाणणारा परीक्षक हवा, स्वीडिश असेल तर स्वीडिश जाणणारा. दोन वेगळे उतारे, दोन वेगळे परीक्षक, आणि तरी इटालियनवाल्याचे साठ गुण आणि स्वीडिशवाल्याचे साठ गुण सारखेच, हे कोण छातीठोकपणे सांगणार? पन्नास भाषांमधून उमेदवार येऊ लागले की हे गणित कोसळतं. मग उपाय एकच: उमेदवाराची भाषा विचारायचीच नाही.

अमेरिकेत हा उपाय जास्त सफाईने अमलात आला. तिथेही सुरुवात सीमेवरच झाली होती. १९२४ च्या कायद्याने स्थलांतरितांचे कोटे ठरवले, विद्यार्थी मात्र कोट्याबाहेरून येऊ शकत होते, आणि म्हणून ‘हा खरंच विद्यार्थी आहे का, याला इंग्रजी येतं का’ याची चौकशी वाढली. १९३० मध्ये तिथल्या कॉलेज बोर्डाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची परीक्षा काढली. ती काही वर्षांतच बारगळली. १९६४ मध्ये टोफेल आली ती पर्याय निवडायच्या प्रश्नांची, यंत्राने तपासता येणारी. लिहिता येतं का, हेसुद्धा सुरुवातीला पर्याय निवडूनच तपासलं जात होतं. पोहता येतं का हे लेखी विचारण्यासारखं.

गंमत म्हणजे त्या काळचा भाषा-चाचणीतला मोठा माणूस, रॉबर्ट लाडो, उलटं सांगत होता. स्पॅनिश आई-बापांचा हा मुलगा, पुढे मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्याचं ‘लँग्वेज टेस्टिंग’ हे पुस्तक १९६१ चं. त्याचं म्हणणं असं की परकीय भाषा शिकताना आपली भाषा जिथे वेगळी वळते नेमका तिथेच माणूस अडखळतो, म्हणून चाचणीही तिथेच घ्या. मराठी माणसाला ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांतला फरक विचारा, कारण त्याच्याकडे दोन्हींसाठी एकच ‘व’ आहे. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ विचारा, कारण त्याच्या भाषेत तसलं काही नाही. विचार पटण्यासारखा होता. पण तसं करायचं तर प्रत्येक भाषेसाठी वेगळी परीक्षा काढावी लागली असती. जगभर एकाच दिवशी एकच पेपर वाटणाऱ्यांना ते कसं जमावं?

केंब्रिजमध्ये भाषांतर एकदम गेलं नाही. १९५३ पासून त्याला पर्याय म्हणून ‘यूज ऑफ इंग्लिश’चा पेपर आला. १९७५ मध्ये परीक्षेची नवी रचना झाली: लेखन, वाचन, यूज ऑफ इंग्लिश, श्रवण, मुलाखत. या पाचांत भाषांतर नव्हतं. साहित्यही मुख्य पेपरांच्या बाहेर गेलं. बारा तासांच्या त्या जुन्या वाड्याचे माप घेता येण्याजोगे भाग तेवढे उरले.

यात कमावलं ते कमी नाही, हे मान्य करायला हवं. १९१३ च्या परीक्षेत मराठी मुलीला जागाच नव्हती. आजच्या परीक्षेत नाशिकची मुलगी, नैरोबीची मुलगी आणि हनोईची मुलगी एकाच पेपरला बसतात आणि कोणालाही आधी फ्रेंच शिकावी लागत नाही. तुमची भाषा न विचारणं हीच ही परीक्षा सगळ्यांना खुली होण्याची अट होती. मला सलतं ते एवढंच की ही अट आपल्याला दिसेनाशी झाली. चार भागांतले आकडे बघून ‘माझी भाषा सातची आहे’ असं आपण म्हणायला लागतो. मराठीतून जर्मन, संस्कृतातून मराठी, कोकणीतून इंग्रजी असं सारखं ये-जा करणारं जे काही भाषेच्या विद्यार्थ्याच्या डोक्यात असतं, त्यासाठी त्या कागदावर रकानाच नाही. आणि त्या कागदाला दोन वर्षांनी मुदतही संपते. १९१३ वाल्या परीक्षेचं प्रमाणपत्र, पास झालात तर, आजही कायमचं असतं.

युरोपात अलीकडे या रकान्याची आठवण झाली आहे. भाषेच्या पातळ्या ठरवणाऱ्या तिथल्या आराखड्यात, ज्यातून ते ए-वन, बी-टू वगैरे आलं, २००१ मध्ये ‘मध्यस्थी’ नावाचं एक कौशल्य नोंदवलं गेलं आणि पुढच्या आवृत्तीत ते बरंच सविस्तर मांडलं गेलं. एका भाषेत वाचलेलं दुसऱ्या भाषेतल्या माणसाला समजेल असं सांगणं, म्हणजेच मध्यस्थी. ग्रीसच्या सरकारी भाषा परीक्षेत तर तसा प्रश्न असतोच: मजकूर ग्रीकमध्ये वाचा आणि त्यातलं हवं तेवढं परक्या भाषेत सांगा. ग्रीसला हे जमतं कारण तिथल्या उमेदवारांची आणि परीक्षकांची ग्रीक ही सामायिक भाषा आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठालाही जमायला हवं. सरकारी कार्यालयातलं मराठी पत्र वाचून त्यातलं म्हणणं इंग्रजीत चार ओळींत सांगणं, याला किती गुण द्यावेत हे ठरवणारी माणसं इथे पैशाला पासरी मिळतील.

आता ‘फुलराणी’. ‘पिग्मॅलियन’ हे नाटक लंडनच्या उच्चारांबद्दलचं, पण त्याचा पहिला प्रयोग लंडनमध्ये झालाच नाही. तो झाला व्हिएन्नात, जर्मन भाषांतरात, ऑक्टोबर १९१३ मध्ये. ज्या वर्षी ते तिघे इंग्रजीतून जर्मन-फ्रेंच करताना घाम गाळत होते, त्याच वर्षी कोणीतरी लंडनच्या फुलवालीची गावंढळ इंग्रजी जर्मनमध्ये बसवत होतं. त्याच वर्षी रवींद्रनाथांना नोबेल मिळालं, तेही त्यांनी स्वतः इंग्रजीत आणलेल्या ‘गीतांजली’वर. भाषांतरासाठी बरं वर्ष होतं ते, लंडनमधलं ते एक परीक्षा केंद्र सोडून.

आणि केंब्रिजच्या नव्या रचनेतून भाषांतर बाहेर पडलं त्या १९७५ मध्येच इकडे ‘ती फुलराणी’ रंगमंचावर आलं. इंग्रजीत गरिबी ओळखू येते ती गाळलेल्या ‘एच’वरून. मराठीत ‘एच’ गाळून काय होणार? आपल्याकडे ती दरी ‘आणि-पाणी’ आणि ‘आनी-पानी’ यांच्यामध्ये आहे, आणि तिच्यात वर्गाबरोबर जातही आहे. एका भाषेतली जखम दुसऱ्या भाषेत नेमकी कुठे असते हे शोधून काढावं लागतं, तेव्हा कुठे एलायझाची मंजुळा होते. भक्ती बर्व्यांची मंजुळा बघितलेली माणसं अजून त्याबद्दल बोलतात. दोन तासांचा पेपर असता तर पुलंना त्यात किती मिळाले असते कोण जाणे. मुळाला सोडून फार लांब गेलात, असा शेरा तांबड्या शाईत नक्की पडला असता.

मला लेखनात साडेसहा पडले, हवे होते सात. दुसऱ्यांदा बसले तेव्हा जमलं. त्या दुसऱ्या वेळच्या आदल्या रात्री सराव म्हणून मी ‘शहरं मोठी होणं चांगलं की वाईट’ यावर चाळीस मिनिटांत अडीचशे शब्द लिहिले, ते बाजूला ठेवले, आणि मग वहीच्या पहिल्या पानावरच्या सूचनेप्रमाणे १९१३ चं ते ‘टू सीरियसली इम्प्रूव्ह’वालं वाक्य घेतलं. दुरुस्त केलं नाही. समर्थन लिहिलं, दीड पान, अर्धं मराठीत.